विमानी जाकिटाची बंडी



आमच्या आजेसासऱ्यांनी महायुद्धानंतर जुन्या बाजारातून एक विमानी जाकीट आणले होते. बाहेर मेंढीचे कातडे, आत त्याचीच लोकर. १९३९ ते १९४५ च्या लढाईत ब्रिटिश वैमानिक असली ‘अर्विन’ जाकिटे घालीत; उंचावर विमानात हाडे गोठत ना! बाह्या कोपरांशी फाटल्या होत्या. सासूबाईंची पाठ थंडीत धरते, म्हणून बंडी करायचे ठरले. पण कात्री पाहताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. “मामंजींचे आहे गं!” मी आठ दिवस थांबले. मग त्यांनीच ते हातात आणून दिले.

आधी कातडे दुमडून पाहावे. चिरा पडल्या तर टाके धरणार नाहीत, नाद सोडावा. बाह्या मुंढ्याच्या शिवणीवर उसवाव्यात. कापायचेच तर कातड्याच्या बाजूने नुसते पाते फिरवावे. कात्रीने लोकर तुटते. टाचण्या नकोत, भोके बुजत नाहीत. मी लावल्या, त्या खुणा अजून दिसतात! कपड्यांचे चिमटे बरे. सुई तीनधारी, दोऱ्याला मेण, आणि टाके विरळ. दाट घातले की कातडे तिथेच फाटते. मुंढ्यांना बाह्यांतल्याच धड कातड्याची पट्टी लावली.

सासूबाई हिवाळाभर बंडी घालतात. देवपूजेला तेवढी काढून ठेवतात.