परक्या मापाचें चाक

नागपूरहून समृद्धि महामार्गानें शिर्डीस निघालेली मोटार सुमारें ५२० किलोमीटर धांवते. ६० सेंटिमीटर व्यासाचें चाक तेवढ्या अंतरांत जवळजवळ पावणेतीन लक्ष फेरे घेतें. हे सारे फेरे ज्या चार-पांच बोल्टांच्या भरंवशावर होतात, त्यांचा विचार चाक पंक्चर होईपर्यंत सहसा कोणी करीत नाहीं. जुनीं लोखंडी चाकें उतरवून झगझगीत अलॉयचीं चाकें चढविण्याची हौस मात्र पुष्कळांस असते. आणि दुसऱ्या गाडीवरचीं स्वस्तांत मिळालीं तर ती आवरत नाहीं.

चाक ज्यावर बसतें त्या हबावर बोल्टांचें एक वर्तुळ असतें. त्याच्या व्यासाला गराजांतील मंडळी पीसीडी म्हणतात. स्विफ्ट आणि होंडा सिटी यांचे बोल्ट चार, वर्तुळ १०० मिलिमीटर. फियाटच्या जुन्या ऊनोचेही चारच, परंतु वर्तुळ ९८. स्कोडा लॉराचे पांच बोल्ट ११२ च्या वर्तुळावर, तर इनोव्हाचे ११४.३ वर, म्हणजे बरोबर साडेचार इंचांवर.

ज्या मापांत मोठा फरक आहे, तीं मुळींच धोक्याचीं नाहींत, हें ऐकून नवल वाटेल. १०० चें चाक ११४.३ च्या हबावर चढतच नाहीं. गिऱ्हाईक हात हलवीत परत जातें. घात होतो तो जवळजवळ बसणाऱ्या चाकानें. ९८ आणि १०० यांत प्रत्येक भोक आपल्या जागेपासून एकच मिलिमीटर सरकलेलें. पाना जोरानें फिरविला कीं चाक बसल्यासारखें दिसतें. प्रत्यक्षांत एखादा नट जागीं बसतो आणि बाकीचे कलते राहून बोल्टांस वांकवितात. वस्तुतः गाडीचा भार बोल्टांनीं आडवा पेलावयाचा नसतोच. आवळलेला नट चाकाला हबावर दाबून धरतो आणि त्या दाबामुळें होणारें घर्षण भार सोसतें. नटाचा शंकु भोकाच्या उतरत्या कडेवर चोहोंकडून टेकला नाहीं तर तो दाब टिकत नाहीं. मग बोल्ट फेऱ्यागणिक थोडा थोडा लवतो, आणि वारंवार वांकविलेल्या तारेप्रमाणें अखेर तुटतो. तोही गराजाच्या दारांत नव्हे, भर वेगांत.

म्हणून श्रोत्यांपैकीं ज्यांच्या दारीं मोटार आहे, त्यांनीं आधीं माप घ्यावें. चार भोकांत समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांतील अंतर हेंच माप. पांच भोकांत समोर भोक नसतें. तेथें शेजारच्या दोन मध्यांतील अंतराला १.७०१ नें गुणावें. हें अंतर ११२ च्या चाकांत ६५.८ आणि ११४.३ च्या चाकांत ६७.२ मिलिमीटर येतें. एवढासा फरक शिंप्याच्या फितीला सांपडावयाचा नाहीं; व्हर्निअरच हवा.

निर्धास्त उपाय एकच, योग्य मापाचें चाक घेणें. तें न जमल्यास अ‍ॅडॅप्टर. ही धातूची जाड चकती स्वतःच्या नटांनीं हबावर बसते व चाक तिच्यावर बसतें. चाक तितकेंच बाहेर येऊन बेअरिंगवर ताण वाढतो, आणि मडगार्डास तें घासतें का, हें स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहावें लागतें. एक-दोन मिलिमीटरांच्या फरकासाठीं सरकत्या शंकूचे खास बोल्टही मिळतात. मात्र चाकाचें मधलें भोक हबावर नेमकें बसत नसेल तर त्यांवर विसंबूं नये. कानशीनें भोकें रुंद करणें हा उपाय नव्हे, अविचार होय.

१२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टावर नट निदान १२ मिलिमीटर चढला पाहिजे. दीड मिलिमीटराच्या आट्यांवर ते आठ फेरे होतात, आणि ते मोजतां येतात. चाक जमिनीपासून उचललेलें असतांना नट समोरासमोरच्या क्रमानें आवळावे आणि शेवटीं कंपनीनें दिलेल्या मापापर्यंत टॉर्क पान्यानें कसावे. पान्याच्या दांड्यावर उभें राहून नट आवळण्याची रीत शूरपणाची असेल, शहाणपणाची नाहीं. पहिले ऐंशी किलोमीटर, म्हणजे साधारण वर्ध्यापर्यंतचा पल्ला, झाल्यावर गाडी थांबवावी, चाकें निवूं द्यावींत आणि प्रत्येक नट त्याच पान्यानें पुन्हां तपासावा.