छपराचं बजेट: वरचं मोजलं, खालचं राहिलं

३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. दापोलीच्या आमच्या घराची निम्मी कौलं उडाली. ताडपत्री टाकून पावसाळा काढला, दिवाळीनंतर पत्रे घालायचे ठरले.

मी लगेच एक्सेल उघडलं. घर ८०० चौरस फूट, म्हणजे पत्राही ८००. इथेच चुकलो! छपराला उतार असतो. ३० अंशांच्या उताराला तेच ९२४ भरतात, वळचण वेगळीच.

मग उरलेली कौलं उतरवली, तर वासे वाळवीने पोखरलेले. आई म्हणाली, "बाळा, वरचं मोजलंस, खालचं कोण मोजणार?"

म्हणून आधी सुताराला माळ्यावर चढवा, वासे ठोकून बघा, मगच कोटेशन मागा. आणि खाऱ्या हवेत साधे स्क्रू लवकर गंजतात, तिथे पैसे वाचवू नका. भेटू पुढच्या भागात!