गेटच्या आतला डाग



माझी फौजेतली नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये झाली, म्हणजे रसद आणि वाहतूक. निवृत्तीनंतर इंदूरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत गाड्यांचा कारभार माझ्याकडे आला. १४० ट्रक, पीथमपूरच्या कारखान्यांतून माल उचलायचा आणि मुंबई-आग्रा रस्त्याने न्हावा शेवा बंदरात पोहोचवायचा. कॉन्व्हॉय चालवलेल्या माणसाला यात अवघड ते काय, असं मला वाटलं होतं.

अवघड होती ती माहिती. प्रत्येक ट्रकवरचं जीपीएस दर ३० सेकंदांनी आपली जागा कळवतं. म्हणजे दिवसाला एका ट्रकच्या २,८८० ओळी आणि १४० ट्रकच्या चार लाखांवर. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. आमची शीट तिसऱ्याच दिवशी भरायची. बिग डेटा म्हणतात तो हाच. मला काही प्रश्न पडला की कॉम्प्युटर विभागाला कळवायचं. आठ दिवसांनी उत्तर यायचं, तोवर प्रश्न शिळा झालेला असायचा.

मग कंपनीने पॉवर बीआय घेतलं. टॅब्लो वगैरे त्याच जातीची साधनं. प्रोग्रामिंग लागत नाही. हवे ते कॉलम माउसने ओढून टाकले की आलेख तयार. ज्याला प्रश्न पडला, त्यानेच उत्तर शोधायचं. साठीतला मी, चार दिवसांत शिकलो. आणि पाचव्या दिवशी घोटाळा केला.

मी काढलेला पहिला आलेख होता ड्रायव्हरनुसार सरासरी उशीर. नऊ खांब उंच दिसले. त्यांना लाल रंग मीच दिला. त्या नऊ जणांचा वेळेवर पोहोचण्याचा भत्ता मी बंद केला. चौकशी केली नाही, चित्र इतकं स्वच्छ होतं. त्यांतला एक जुना ड्रायव्हर केबिनमध्ये आला. म्हणाला, "साहब, गाड़ी चली ही नहीं थी, तो लेट मैं कैसे?" मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्याने पाहिलं, नमस्कार केला आणि गेला. महिन्याभरात त्याने नोकरी सोडली.

त्याचं ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. एका रविवारी मी जीपीएसचे ठिपके नकाशावर टाकले, फक्त थांबलेल्या गाड्यांचे. गडद डाग ढाब्यांवर पडतील, सेंधव्यापुढच्या बिजासन घाटात पडतील, अशी माझी खात्री होती. सगळ्यांत गडद डाग पडला पीथमपूरला, एका गिऱ्हाइकाच्या कारखान्याच्या गेटच्या आत! तासांप्रमाणे फोड केली, तर वेळ निघाली संध्याकाळी सहा ते दहा. सोमवारी मी स्वतः तिथे जाऊन उभा राहिलो. बाहेर पडायला वजनकाटा एकच. त्याच वेळी पाळी बदलायची आणि काट्यावर माणूस नसायचा.

परत येऊन विचारलं, 'निघण्याची वेळ' या कॉलममध्ये नेमकं भरतं काय? आमची सिस्टीम ती वेळ ई-वे बिलावरून उचलत होती. खोक्यांचा माल, त्यामुळे बिल आधीच बनायचं. बिल बनलं की घड्याळ सुरू, आणि ट्रक अजून काट्याच्या रांगेत. त्या नऊ जणांना बहुतेक वेळा संध्याकाळचं लोडिंग मिळायचं, एवढाच त्यांचा गुन्हा. आणि ते लोडिंग वाटून देणारं ऑफिस माझंच.

मिनार नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८६९ साली नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीचं चित्र काढलं. पट्ट्याची रुंदी म्हणजे सैनिकांची संख्या. जाताना नीमेन नदीपाशी ४,२२,०००, परतताना १०,०००. पण परतीच्या पट्ट्याखाली त्याने थंडीचं तापमानही मांडलं. माझ्या लाल खांबांखाली तसं काहीच नव्हतं. तासांचा एक कॉलम ओढायला मला दहा सेकंद लागले असते.

गिऱ्हाइकाला तोच नकाशा दाखवला. वाद झालाच नाही. त्यांनी पाळीच्या वेळी काट्यावर माणूस ठेवला, आम्ही गाड्यांना वेळा वाटून दिल्या. रात्री दहाला निघणारा ट्रक सात-साडेसातला रस्त्याला लागू लागला.

आता नव्या मुलांना हे शिकवताना पहिल्या दिवशी मी माउस हातात देत नाही. प्रत्येक कॉलम कोण भरतं, कधी भरतं, ते यार्डात जाऊन बघून या म्हणतो. उन्हात पाठवतो म्हणून कुरकुरतात.

आठ जणांना भत्ता मागच्या तारखेपासून परत दिला. नववा तो जुना ड्रायव्हर. तो धुळ्याच्या एका मालकाकडे लागला होता. त्याला फोन करून चूक कबूल केली, पैसे पाठवले. पैसे त्याने घेतले. परत यायला मात्र तयार झाला नाही.