आधी परतीचं बघा



अलास्कातलं फेअरबँक्स हे आता माझं गाव आहे, आणि कडाक्याच्या थंडीत ट्रक चालू ठेवणं हा माझा पेशा. सुट्टीला कोल्हापूरला आले की कुणीतरी विचारतंच, "आमचा पुतण्या तिकडं अमेरिकेत असतो. मित्रांबरोबर कॅरिबू नावाच्या हरणाच्या शिकारीला निघालाय म्हणे, गाडीनं, तेही ऐन हिवाळ्यात. जाऊ द्यावं का?" आज मी त्या पुतण्यासाठी बोलणार आहे. बाकीच्यांनी शाल पांघरून ऐकावं.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून आपल्याकडे शिकार म्हटलं की गुन्हा आठवतो. अलास्कात ती परवाना काढून, ठरलेल्या मोसमात आणि ठरलेल्या संख्येत करता येते. अनेक घरांत वर्षाचं मांस त्यातूनच येतं. ब्रूक्स पर्वतरांगेत अनाक्टुवुक पास नावाचं छोटं गाव आहे. तिथले नुनामिउट लोक पिढ्यान्‌पिढ्या कॅरिबूवर जगत आलेत. त्यांच्या भाषेत कॅरिबू म्हणजे 'टुट्टू'. पण हे कळप काही अक्षय नाहीत. पश्चिम आर्क्टिक कळपात २००३ साली ४,९०,००० जनावरं होती, २०२३ साली १,५२,००० उरली. म्हणून नियम सारखे बदलतात. तेव्हा तयारीतली पहिली वस्तू म्हणजे अलास्काच्या मत्स्य आणि शिकार खात्याची चालू वर्षाची पुस्तिका. 'गेल्या वर्षी तर चाललं होतं' हे तिथं कुणी ऐकून घेत नाही. पुतण्या अमेरिकेचा नागरिक नसेल आणि अलास्काचा रहिवासीही नसेल, तर परवानाधारक मार्गदर्शक बरोबर असल्याशिवाय त्याला कॅरिबूची शिकार करता येत नाही. व्हिसावर असलेल्यांसाठी बंदुकीचे नियमही वेगळे आहेत. ते आधी विचारून घ्यावेत.

आता रस्ता. फेअरबँक्सहून उत्तरेला सुमारे १३५ किलोमीटर गेलं की डाल्टन हायवे सुरू होतो. तेलाच्या पाइपलाइनसाठी तो १९७४ साली बांधला. लांबी ६६६ किलोमीटर, शेवट डेडहॉर्सला, आर्क्टिक महासागराच्या तोंडाशी. टोकापर्यंत तो सर्वांना खुला झाला थेट १९९४ साली. आजही तो मुळात ट्रकवाल्यांचाच रस्ता आहे, आपण तिथले पाहुणे. समोरून ट्रक आला की वेग कमी करून कडेला व्हायचं. दिवसाही हेडलाइट चालू ठेवायचे. सीबी रेडिओ १९ नंबरच्या चॅनलवर लावून ठेवायचा. ट्रकवाले त्यावर बोलत असतात, पुढं कुठं बर्फ साचलाय, कुठं काही दिसेनासं झालंय, ते फुकटात कळतं. वाटेत मोबाइल चालत नाही, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र हवंच.

पेट्रोलचा हिशेब नीट ऐका. हिवाळ्यात फेअरबँक्स सोडलं की पंप धरून चालायचा तो कोल्डफूटला, म्हणजे साधारण ४१५ किलोमीटरवर. तिथून डेडहॉर्सपर्यंतच्या ३८५ किलोमीटरमध्ये पंप नाही, हॉटेल नाही, गॅरेज नाही. मधे १,४४४ मीटर उंचीची अॅटिगन खिंड लागते. तिथं बर्फाचे कडे कोसळतात, रस्ता बंद होतो. समजा, खिंडीच्या पलीकडं आहात आणि मागं रस्ता बंद झाला. मग रात्रभर इंजिन चालू ठेवून गाडीतच बसायचं. त्या रात्रीचं पेट्रोल तुमच्या हिशेबात होतं का? मी तरी टाकी काठोकाठ भरून वर दोन कॅन घेते. रात्री बसायची वेळ आलीच, तर एग्झॉस्टच्या तोंडावरचा बर्फ पुन्हा पुन्हा फावड्यानं काढायचा आणि काच बोटभर उघडी ठेवायची. थंडी निदान जाणवते तरी. कार्बन मोनॉक्साइड कळतही नाही.

याच रस्त्यालगत प्रॉस्पेक्ट क्रीक नावाची जागा आहे. तिथं २३ जानेवारी १९७१ ला पारा उणे ६२ सेल्सिअसवर गेला होता. अमेरिकेतली ही नोंदलेली सर्वांत कडक थंडी. इतकी नेहमी नसते, पण उणे ४० धरूनच चालावं. उणे ४० ची एक गंमत आहे. तिथं सेल्सिअस आणि फॅरनहाइट हे दोन्ही आकडे एक होतात. गाडीला मात्र गंमत सुचत नाही. इंजिनातलं साधं तेल गुळाच्या काकवीसारखं घट्ट होतं, बॅटरीचा जीव अर्ध्यावर येतो. म्हणून आमच्याकडे इंजिनात हीटर बसवलेला असतो आणि बोनेटखालून त्याची वायर बाहेर लोंबत असते. रात्री गाडी विजेला जोडून ठेवायची. पहिल्या हिवाळ्यात मी घरातली साधी एक्स्टेन्शन वायर वापरली. सकाळी गुंडाळायला घेतली तर वरचं प्लॅस्टिक पापडासारखं तडतडून हातात आलं. गाडी कशीबशी सुरू झाली, पण रात्रभर एकाच जागी दबलेले टायर चपटे होऊन गोठले होते. पहिले काही किलोमीटर बैलगाडीत बसल्यासारखी ठकठक. म्हणून वायर थंडीला टिकणारी घ्या, सुरुवातीला हळू चालवा आणि पूर्ण मापाच्या दोन स्टेपन्या, रिमसकट, बरोबर ठेवा.

कपड्यांत सुती काही नको, बनियनसुद्धा नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि चालणं थांबलं की तोच घाम अंगावर गार पडतो. आत लोकर, वर जाड थर, सर्वांत बाहेर वारा अडवणारं कापड. चढावर चालताना एक थर आधीच काढावा, थोडं काकडतच चालावं. पेट्रोल भरताना हातमोजे काढू नका. उणे ४० ला ते द्रवच असतं, पण कातडीवर सांडलं तर तत्क्षणी हिमदंश होतो. हिमदंश झालेल्या जागेवर बर्फ चोळायचा नाही. आणि पुन्हा गोठण्याची भीती असेल तर ती जागा ऊब देऊन सोडवायचीही नाही.

आता शिकारीचं. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, युकॉन नदीपासून उत्तरेला, आठ-आठ किलोमीटरच्या पट्ट्यात बंदुकीनं शिकार करायला बंदी आहे. तिथं फक्त धनुष्यबाण चालतो, त्यालाही प्रशिक्षणाचा दाखला लागतो. म्हणजे बंदूकवाल्यानं आठ किलोमीटर बर्फातून चालत जायचं. जाताना पाठीवर बंदूक, येताना मागं मांस. कॅरिबूची मादी ८० ते १०० किलोंची असते, आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं तिथं गुन्हा आहे. ओढायला घसरगाडी नसेल तर दोन-तीन खेपा मोजा. सोलायचं काम जनावर ऊबदार आहे तोवरच उरका, नंतर ते दगड होतं. आणि शिंगं दिसली म्हणून नर समजू नका. मोठे नर हिवाळ्याच्या सुरुवातीलाच शिंगं टाकतात, गाभण माद्या मात्र ती वसंतापर्यंत मिरवतात.

बंदूक उबदार गाडीत ठेवू नका. मी ठेवली होती. बाहेर काढल्याबरोबर दुर्बिणीच्या काचेवर पांढरं दव धरलं आणि कळप शांतपणे टेकाडामागं गेला. त्यांच्या खुरांचा टकटक आवाज येत होता. तो खरं तर पायातल्या स्नायुबंधांचा असतो. मी काच पुसत बसले होते. बंदुकीचं तेलही आधी पूर्ण पुसून काढावं, नाहीतर चाप ओढला तरी घोडा हलत नाही.

महिना निवडता येत असेल आणि मोसम खुला असेल, तर मार्च बरा. डेडहॉर्सला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. मार्चमध्ये थंडी असते, पण उजेड मिळतो.

शेवटची तयारी कागदाची. कोणत्या मैलाच्या दगडापाशी थांबणार, किती दिवस, किती वाजेपर्यंत परतणार आणि तोवर फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, हे लिहून एका माणसाच्या हातात द्या. आणि ठरलेली वेळ झाली की कळप समोर असला तरी वळा. मी तीनदा गेले, त्यांतल्या दोनदा रिकाम्या हातानं आले. तुमच्या पुतण्याला म्हणावं, कोल्डफूटला परत पोचलास की आधी काकूला फोन कर. शिकारीचं मग सांग.