हिवरखेडच्या फलाटावरून



आधी माफी मागतो, मग स्वागत करतो. आपल्यापैकी दोन पाहुणे काल मोर्शीजवळच्या हिवरखेडला उतरले. ते हिवरखेड संत्र्यांचं. हे तेल्हारा तालुक्यातलं, हिवरखेड रूपराव. पत्रिकेत तालुका छापायचा राहिला, ही चूक माझी.

आमच्या गावची एक लेक मेंदूवर संशोधन करते. तिच्या हट्टापायी ही परिषद इथं भरली. मी जन्मभर पानमळा केला. पत्रिकेत 'उंदरांच्या चेतासंधींची लवचिकता' वाचलं, तेव्हा घरच्यांना पहिली आठवण पिंजऱ्याची झाली.

हिवराच्या झाडावरून गावाचं नाव पडलं. उत्तरेला सातपुडा, जवळच वान नदी, वारीचा मारोती आणि हनुमान सागर धरण. हे सारं दाखवूच. पण गावाचा जीव होता तो स्टेशनात. अकोला-खंडवा मीटरगेज! राजस्थानातून येणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच रुळांवरून धडधडत जायची. पुढं धूळघाटला गाडी वेटोळं घेऊन आपल्याच रुळांवरून पलीकडं जायची, ते पाहायला आम्ही पोरं विनातिकीट जायचो. (टीसी आता हयात नाहीत, म्हणून सांगतो.) २०१७ साली मीटरगेज बंद झालं. मेळघाटातल्या वाघांना त्रास नको म्हणून नवा मार्ग जंगलाबाहेरून ठरला. वाघांबद्दल आमची तक्रार नाही, उशिराबद्दल आहे.

त्या फलाटावर एक म्हातारे हमाल होते. ओल्या गोणपाटात बांधलेली पानांची करंडी डोक्यावर घेतली की एक पाय रोवल्याशिवाय दुसरा उचलत नसत. त्यांचं नाव कुठल्याही दप्तरात सापडणार नाही, पण परवा लेकीनं कायनेसिन समजावून सांगितलं तेव्हा मला तेच डोळ्यापुढं दिसले. १९८५ साली अमेरिकेत रोनाल्ड वेल आणि सहकाऱ्यांनी माकूळ या समुद्री जिवाच्या मज्जातंतूतून हे प्रथिन शोधलं. ते दोन पायांनी पेशीतल्या रुळावर चालतं. पाऊल ८ नॅनोमीटरचं, आणि दर पावलाला एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्च. मजुरी रोखीची, उधारी नाही! अक्षतंतूत, म्हणजे चेतापेशीच्या लांब शेपटीत, कायनेसिनची गाडी बाहेर जाते, डायनीन या दुसऱ्या प्रथिनाची परत येते. अप आणि डाउन.

टोकियोच्या हिरोकावांच्या प्रयोगशाळेत २००२ साली उंदरांच्या मेंदूत केआयएफ-१७ हे कायनेसिन वाढवलं. ते एनएमडीए ग्राहकांचा, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांचा, माल चेतासंधींकडं, चेतापेशींच्या जोडांकडं, नेतं. हे उंदीर पाण्याच्या हौदात दडवलेली पायरी इतरांपेक्षा चांगली शोधू लागले. म्हणजे हुशारी नुसती डोक्यात असून भागत नाही, माल ठिकाणावर पोचावा लागतो.

आणि स्टेशनवर माल उतरला म्हणजे पोचला असं नाही, हे पानमळेवाल्याला कोण सांगणार? स्टेशन ते मळा बैलबंडीच लागते. चेतापेशीच्या बारीक काट्यांत ती बंडी म्हणजे मायोसिन-पाच हे प्रथिन. ज्या उंदरांत ते नसतं, त्यांच्या लहान मेंदूतल्या काट्यांत पेशीजाल शिरत नाही, आणि तिथल्या चेतासंधींना गरजेप्रमाणं ढिलं होणं जमत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांनी दाखवलं की एकटं डायनीन दुबळं असतं, पण अनेक मिळून मोठं ओझं ओढतात. या कामासाठी त्यांना २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. आमच्या गावात हे बिनपुरस्काराचं चालतं.

मंडप फुकट देणाऱ्यानं नाव घेऊ नका असा दम दिला आहे. त्याला नमस्कार. जिनिंगवाल्यांनी जनरेटर दिला, पानमळेवाल्यांनी प्रत्येकी पायली जवारी आणि रोख दिली, शाळेच्या शिपायानं रात्रभर टाक्या भरल्या, आणि बचत गटाच्या बायांनी तीनशे माणसांच्या रोडग्यांची कणीक पहाटे तीनला भिजवली. कोणी सुटलं असेल तर घरी येऊन भांडावं, चहा मिळेल.

उणिवा पुष्कळ आहेत. गाद्या कमी पडल्या, आंघोळीचं पाणी पाळीनं मिळेल, लाइट दुपारी जाते. पडद्यावरची चित्रं त्याआधी उरकावीत. तुमची भित्तिपत्रकं सहावीच्या वर्गात लावली आहेत. फळ्यावरचे पाढे पुसू दिले नाहीत, गुरुजींची परवानगी नव्हती.

संध्याकाळी पाचला मोटार वारीला निघेल. वाटेत स्टेशनवर पाच मिनिटं थांबवीन. तिथं गाडी नाही, पण फलाट अजून आहे.