अळीलाही जगू द्या



फुलपाखरं पाहायची तर ठाणेकर घोडबंदर रोडवरच्या ओवळेकर वाडीत जातात. राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या वाडीत फुलवलेलं हे उद्यान. तिथे मध देणारी फुलझाडं आहेतच, पण अळ्यांच्या खाण्याची झाडंही मुद्दाम लावलेली आहेत. मला त्या बागेतलं खरं शहाणपण यातच दिसतं.

कारण एरवी आपण काय करतो? डोंबिवली-कल्याणच्या गॅलरीत कुंडीतल्या कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली, की लगेच औषध फवारतो. ती अळी अनेकदा कॉमन मॉर्मन या काळ्या फुलपाखराची असते. मादी कोवळ्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढं पिवळसर अंडं घालते. अळी बाहेर आली की बहुधा आधी अंड्याचं कवचच खाते. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. त्यामुळे पक्षी फसतात. चार वेळा कात टाकल्यावर ती पानासारखी हिरवीगार होते. डिवचलं, तर डोक्यामागून लाल शिंगं काढून उग्र वास सोडते. मग कोष. आत अळीचं बरंचसं शरीर विरघळतं आणि आधीपासून राखून ठेवलेल्या सूक्ष्म पेशीपुंजांतून पंख, पाय, सोंड घडते. पानं खाणारा जीव मध पिणारा होतो.

ठाण्याच्या खाडीवरही अशीच रूपांतरं दिसतात. रोहित पक्ष्याचं, म्हणजे फ्लेमिंगोचं, पिल्लू राखाडी असतं. शेवाळातल्या रंगद्रव्यांनी त्याला गुलाबी व्हायला काही वर्षं लागतात. तिवराच्या फळातलं रोप तर झाडावर असतानाच वाढू लागतं, आणि गळून पडल्यावर चिखलात मूळ धरतं. तो चिखलच भरावाखाली गेला, तर रोप रुजणार कुठे?

2015 साली ब्लू मॉर्मन हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलं, आणि त्याच वर्षी ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. 2022 साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हे मान मोलाचेच आहेत. पण पंखांचं कौतुक करायचं आणि अळी मारायची, पक्ष्यांचे फोटो काढायचे आणि खाडीत राडारोडा टाकायचा, हे एकत्र चालणार नाही. जीव जपायचा तर त्याची प्रत्येक अवस्था जपावी लागते, न आवडणारीसुद्धा. याची सुरुवात आपल्या सोसायटीतली फवारणी थांबवण्यापासून करता येईल. या पावसाळ्यात तेवढं नक्की करा.