मुलग्यांशी कोण बोलणार?

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ या नावाचे दोन पाठ आहेत. त्यातल्या दुसऱ्या पाठात माणसाचं प्रजनन आहे. स्त्री आणि पुरुष दोघांच्या प्रजननसंस्था, ऋतुचक्र, जुळी मुलं कशी होतात, लैंगिक आजार, सगळं आहे. पाठ चांगला आहे. पण तो पुष्कळ वर्गांत ‘घरी वाचून या’ म्हणून उरकला जातो. आणि समजा मन लावून शिकवला, तरी तोवर मुलगा पंधरा वर्षांचा झालेला असतो. मुलांच्या शरीरातले बदल साधारण नऊ ते चौदा या वयात सुरू होतात. म्हणजे ज्या गोष्टीची माहिती त्याला पाचवी-सहावीत हवी होती, ती त्याला मिशी फुटल्यावर, परीक्षेला येईल म्हणून मिळते.

मी डॉक्टर आहे. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो, आणि बोलावतील त्या शाळेत जाऊन मुलांशी बोलतो. आज मला मुलग्यांविषयी बोलायचं आहे. मुलींना सगळं नीट सांगितलं जातं, असं मुळीच नाही. पण पाळीच्या निमित्ताने तरी आई, मावशी, आशाताई कोणीतरी त्यांच्याजवळ बसतं. मुलग्याच्या वाट्याला काय येतं? आवाज फुटला की ‘घोडा झालास आता’ एवढं एक वाक्य. शाळेत आरोग्याचं व्याख्यान असलं की मुलींना सभागृहात बसवतात, दार लावून घेतात आणि मुलग्यांना चेंडू देऊन मैदानावर पिटाळतात. खिडकीतून डोकावणाऱ्याला ओरडा बसतो. त्याच्या बहिणीला, वर्गमैत्रिणीला आणि पुढे बायकोला दर महिन्याला काय होतं, हे त्याला कळण्याची एक सोपी संधी आपण स्वतःच्या हाताने बंद करतो. मग तोच मुलगा मुलीच्या कपड्यावरचा डाग पाहून हसला, की आपण त्याला वाह्यात म्हणतो.

मी मुलांना नाव न घालता चिठ्ठ्या लिहायला सांगतो. त्या चिठ्ठ्यांत काय असतं ते तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. ‘झोपेत चड्डी ओली होते, हा रोग आहे का?’ ‘हाताने केल्याने नस कमजोर होते का?’ ‘एक गोटी वर आणि एक खाली आहे, ऑपरेशन लागेल का?’ ‘माझ्या छातीत गाठ आली आहे, मी मुलगी होणार का?’ हा शेवटचा प्रश्न मला विशेष टोचतो. वयात येताना अनेक मुलग्यांच्या छातीला हार्मोनच्या फरकामुळे तात्पुरती सूज येते आणि बहुतेकांची ती वर्षा-दोन वर्षांत आपोआप जाते. पण तोवर तो मुलगा शर्ट काढावा लागेल म्हणून पोहायला जात नाही, कबड्डीतून नाव काढून घेतो, आणि का, ते कोणालाही सांगत नाही.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही दोन-दोन वाक्यांचीच आहेत. झोपेत वीर्य जाणं हा रोग नाही, ते वयात आल्याचं लक्षण आहे. हस्तमैथुनाने नसा कमजोर होत नाहीत, उंची खुंटत नाही, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. एक वृषण दुसऱ्यापेक्षा थोडं खाली असणं हे बहुतेक पुरुषांचं नेहमीचं शरीर आहे. इतकं सांगितलं की वर्गात मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेली मुलं वर बघायला लागतात.

हे कोणी सांगितलं नाही, तर सांगणारे दुसरे असतातच. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे शंभर थेंब, ही समजूत आजही गावोगाव आहे. तिच्या धास्तीने माणसं खरोखर आजारी पडतात. थकवा येतो, भूक जाते, अभ्यासात लक्ष लागत नाही. मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्ये या दुखण्याला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. आजार शरीरात नसतो, भीतीत असतो. त्या भीतीवर भिंतीवरच्या जाहिरातींची, ‘गुप्तरोग’वाल्या तंबूंची आणि आता मोबाईलवर चूर्ण विकणाऱ्यांची दुकानं चालतात.

लाजेची किंमत कधीकधी याहून मोठी असते. बारा ते अठरा या वयात काही मुलांच्या वृषणाला अचानक पीळ पडतो. ओला कपडा पिळावा तशी आतली रक्तवाहिनी पिळली जाते आणि वृषणाचा रक्तपुरवठा तुटतो. विलक्षण दुखतं, उलटी होते. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचतं. जितका उशीर होईल, तितकी आशा कमी होत जाते. आता विचार करा, रात्री अकरा वाजता हे दुखणं सुरू झालेला तेरा वर्षांचा मुलगा आईला काय सांगतो? ‘पोटात दुखतंय.’ आई ओवा देते, शेक देते, सकाळ होते. ज्या घरात त्या अवयवाचं नाव घेण्याची चोरी आहे, त्या घरातल्या मुलाने नेमकं कुठे दुखतंय हे सांगावं तरी कसं?

हे प्रश्न नवे नाहीत. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून 1953 मध्ये देह ठेवीपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदरमोड करून चालवलं. वाचकांनी विचारलेल्या खासगी प्रश्नांना ते मासिकात सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला कर्वे हरले, त्यांना दंड झाला. पण एवढा मोठा वकील आणि एवढा हट्टी संपादक ज्या गोष्टीसाठी न्यायालयात उभे राहिले ती गोष्ट एवढीच होती की, माणूस विचारतो आहे, तर त्याला शास्त्राला धरून उत्तर मिळालं पाहिजे.

आणि आपण काय केलं? केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला, तेव्हा 2007 मध्ये विरोध होऊन अनेक राज्यांनी तो थांबवला. त्यांत महाराष्ट्रही होता. त्याच वर्षी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने बाल अत्याचारांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून तो तयार झाला होता. निम्म्याहून अधिक, म्हणजे 53 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. आणि अशा मुलांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्त निघालं. मुलग्याला काय होणार आहे, असं म्हणणाऱ्या प्रत्येक घराने हा आकडा ऐकावा. 2012 चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, तो यासाठीच.

हा कायदा मुलांना दुसऱ्या बाजूनेही माहीत हवा. अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती कायद्यात संमती धरली जात नाही. वर्गमैत्रिणीचा तसला फोटो पुढे पाठवणं ही गंमत नव्हे, तो गुन्हा आहे. लहान मुलांची अश्लील चित्रफीत मोबाईलमध्ये साठवणंसुद्धा गुन्हा ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं, आणि त्याच निकालात सर्वंकष लैंगिक शिक्षण द्यावं असंही सरकारला सुचवलं. सतरा वर्षांचा मुलगा पोलीस ठाण्यात बसलेला असतो तेव्हा वडील म्हणतात, त्याला हे माहीतच नव्हतं हो. ते खरं बोलत असतात. मुलीने नाही म्हटल्यावर मागे फिरायचं, ही गोष्ट त्याला घरात कोणी शिकवलेली नसते. सिनेमात तर नायिकेचा पिच्छा पुरवणाराच जिंकतो.

सांगितलं की मुलं करून बघतील, ही भीती पालक बोलून दाखवतात. युनेस्कोने 2018 मध्ये सुधारित मार्गदर्शिका काढली, तेव्हा जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. लैंगिक शिक्षणाने मुलांचे लैंगिक व्यवहार वाढत नाहीत, असंच त्यात दिसून आलं. मराठीत, खेड्यातल्या मुलांशी हे बोलता येतं का, अशी शंका असेल त्यांनी गडचिरोलीकडे बघावं. डॉ. राणी बंग तिथे ‘तारुण्यभान’ या उपक्रमातून तरुण मुला-मुलींशी हेच बोलत आल्या आहेत.

वडिलांना माझी विनंती आहे. मुलगा पाचवीत गेला की सुरुवात करा. समोर बसवून व्याख्यान देऊ नका, त्याने तो आणखी आकसेल. गाडीवरून जाता-येता, शेतात, दुकान बंद करताना एकेक गोष्ट सांगा. आवाज बदलेल, रात्री चड्डी ओली होईल, घाबरू नकोस. तिथे कधी अचानक दुखलं तर रात्री दोन वाजताही मला उठव. कोणी नको तिथे हात लावला तर मला सांग, मी तुझ्यावर रागावणार नाही. मुख्याध्यापकांनीही पुढच्या व्याख्यानाला मुलग्यांना वर्गात बसवावं. आणि तुम्हाला अगदीच बोलवत नसेल, तर सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे मोफत सल्ला मिळतो. मुलावर किंवा मुलीवर अत्याचार होत असेल तर 1098 हा क्रमांक दिवसरात्र चालू आहे, त्याला पैसे पडत नाहीत. तो आजच मुलांना पाठ करायला सांगा.